अख्ख्या गावाचा एकच नंबर

अणदूरमध्ये दीपमालाच्या पिठाच्या गिरणीला खेटून रामहरीचं ऑनलाईन सेंटर आहे. गिरणी चालू असली की सेंटरमधलं टेबल थरथरतं, माऊस आपोआप दोन बोटं सरकतो आणि कीबोर्डवर ज्वारीच्या पिठाचा थर बसतो. अठरा वर्षं झाली, रामहरी रोज सकाळी तो थर फुंकतो आणि कंप्युटर चालू करतो. कंप्युटर उठेस्तोवर चहा येतो, पिऊन होतो, कप परत जातो, आणि पडद्यावरचं ते गोल कडं अजून फिरतच असतं.

"फिर बाबा," रामहरी म्हणतो. "तुला तरी कुठं दुसरं काम हाय."

त्याचे वडील बिराप्पा यांच्याकडं सव्वाशे मेंढरं होती. सगळी एकसारखी दिसायची, पण बिराप्पा अंधुक उजेडातसुद्धा कोणतं कुणाचं पिल्लू ते सांगायचे. रामहरीला ब्राउझर तसे ओळखू येतात. बाकावर बसलेल्या माणसांना त्यातलं काही कळो न कळो, सर्व्हर बंद पडला की तो त्यांना एकेकाचा स्वभाव सांगत बसतो. सर्व्हर रोजच बंद पडतो, त्यामुळं गावाला त्याची मतं पाठ झाली आहेत.

क्रोम म्हणजे लग्नाला बोलावलेला पाव्हणा. पत्रिका एकाला द्यावी तर जीप भरून येतात. एक पान उघडलं की आत बारा जण, आणि सगळ्यांना जेवायला मेमरीच लागते. फायरफॉक्स गुणाचा आहे, पण कुणी सोयरीक जमवत नाही; निम्म्या साइटी त्याला दारातच विचारतात, घरात दुसरं कुणी नाही का. विंडोजचं तर डोकंच वेगळं. भाडेकरूनं घरमालकाला विचारावं तसं ते विचारतं, अपडेट आत्ता करू का थोड्या वेळानं? 'नकोच' म्हणायला बटणच नाही. मध्यंतरी प्रतीक्षानं, म्हणजे रामहरीच्या मुलीनं, सुट्टीत येऊन एका मशिनवर लिनक्स घालून दिलं. साधू माणूस. काही मागत नाही, कुणाची चहाडी करत नाही. पण अंगठ्याचं यंत्र समोर धरलं की डोळे मिटून घेतो. चार दिवसांत पुन्हा विंडोज आलं. ॲपलचा कंप्युटर रामहरीनं जवळून कधी पाहिलेला नाही, तरी मत आहेच: ते आपल्या गल्लीत येत नाही, आपण त्याच्या गल्लीत जायचं, आणि चपला बाहेर काढायच्या.

"आन् ह्या मोठ्या कंपन्या," तो शेवटी म्हणतो, आणि इथं त्याचा आवाज खाली येतो. "आदी दारात आल्या. मेल फुकट, नकाशा फुकट, फोटो ठिवायला कोठार फुकट. आता आपल्याच घरात शिरताना आपल्यालाच इचारत्यात, तू कोण."

ही खंत उगीच नव्हती. चौदा वर्षांपूर्वी रामहरीनं एक चूक केली होती. तेव्हा प्रत्येक फॉर्मला मेल आयडी लागायला लागला. गावात मेल कुणाकडं नाही, मोबाईल दहा घरांत एक. रामहरीनं एकेकाला समोर बसवून खाती काढली. पासवर्ड सगळ्यांना एकच, 'येळकोट' आणि पुढं एक-दोन-तीन, कारण खंडोबाच्या गावात तो विसरणार कोण? कंपनीनं गुप्त प्रश्न विचारला, तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय. तेव्हा बिराप्पा हयात होते. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि सांगितलं, "लिही. काळी, तिची भैन ढवळी, मग ती एका कानाची..." अकराव्या मेंढराला रामहरीनं त्यांना थांबवलं. शेवटचा रकाना होता मोबाईल नंबरचा. तिथं रामहरीनं प्रत्येकाच्या खात्यावर स्वतःचा नंबर घातला. तीनशे बारा माणसं, नंबर एक.

तेव्हा त्या नंबराचं काही वाटलं नाही. पुढं ओटीपी आला. बँकेचं तेवढं ज्याच्या त्याच्या फोनवर गेलं, पण मेल, फॉर्म, दाखले, परीक्षा, सगळ्यांचे आकडे रामहरीच्या खिशात वाजायला लागले. कुणी रानातून फोन करायचं, कुणी पुण्यातून, कुणी दुबईतून. जेवताना, दाढी करताना, मयतीत. रामहरी आकडे सांगायचा. चौदा वर्षांत त्यानं नंबर बदलला नाही, दोन दिवस फोन बंद ठेवून कुठं गेला नाही. प्रतीक्षा म्हणायची, पप्पा, तुम्ही माणूस आहात का टॉवर?

माणूस आहे का, हा प्रश्न मग कंप्युटरनंही विचारला. 'मी यंत्रमानव नाही' अशी खूण करायची, मग नऊ चौकोनांतून सिग्नलचे दिवे असलेले चौकोन निवडायचे. रामहरीनं हजारदा निवडले असतील. यंदा दिवाळीनंतर ते चुकायला लागले. पुन्हा करा. पुन्हा करा. बाकावरच्या बब्रुवाननं मान पुढं काढली आणि म्हणाला, "रामहरीभाऊ, कडंचा दिवा राह्यला की." रामहरीला कडंचा चौकोनच दिसत नव्हता.

सोलापूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर गेली ती गेली, म्हणाले, मधली वाचवायची असेल तर महिन्याच्या आत ऑपरेशन. प्रतीक्षानं पुण्यात तारीख घेतली. ऑपरेशन, तपासण्या, विश्रांती धरून पावणेदोन महिने तिकडंच राहायचं आणि पडद्याकडं, फोनकडं बघायचं नाही.

पावणेदोन महिने म्हटल्यावर रामहरीची बायको सखूबाई लगेच बोलली. खंडोबा वर्षाला पावणेदोन महिने नळदुर्गाला जाऊन राहतो. दोन्ही गावं कागद करतात, देव पालखीतून जातो, मुदत संपली की परत येतो. "देव गेल्यावर गाव अडत न्हाय," ती म्हणाली. "तुमचं काय घिऊन बसलाव?"

"देवाच्या नंबरवर ओटीपी येत न्हाय," रामहरी म्हणाला.

फोन सोबत न्यायचा, सखूबाईनं आकडे वाचून सांगायचे, असंही बोलून झालं. तिनं फक्त एवढंच विचारलं, की दवाखान्यात तिनं नवऱ्याचे डोळे सांभाळायचे का गावाचे आकडे. तो विषय तिथंच मिटला.

मग रामहरीनं सरळ मार्ग काढला. आठ दिवस हातात आहेत, एकेकाला बोलवायचं आणि खात्यावर त्याचा स्वतःचा नंबर घालून द्यायचा. काचेवर कागद चिकटवला. पहिल्या दिवशी आले आण्णासाहेब. निवृत्त शिक्षक, कडक इस्त्री, आणि निळ्या 'ई'चा जुना ब्राउझर बंद पडल्यापासून दुसऱ्या कोणत्याच ब्राउझरवर विश्वास नाही. त्यांनी स्वच्छ नकार दिला. त्यांचं म्हणणं मुद्देसूद होतं: मुद्दा पहिला, या कंपन्या माणसाची खडान् खडा माहिती गोळा करतात. मुद्दा दुसरा, म्हणूनच त्यांनी आपला नंबर आजवर एकाही कंपनीला कळू दिलेला नाही. मुद्दा तिसरा, तो तसाच राहावा.

"मग माझा कळला तर चालतंय का, गुरुजी?" रामहरीनं विचारलं.

"तुमचा तर त्यांना पाठच आहे," आण्णासाहेब म्हणाले.

बब्रुवानकडं तीन सिमकार्डं होती, जिथं ऑफर तिथं तो. पुढच्या महिन्यात कोणतं चालू असेल ते त्यालाच ठाऊक नव्हतं. नागूबाई आली ती फोन पदरात बांधूनच. तिचा फोन नातवानं रिचार्ज मारला तर जिवंत, नाहीतर नुसताच डबा. "रामा, तुजाच ऱ्हाऊ दे की नंबर," ती म्हणाली. "तुजा कसा कायम लागतोय." आठ दिवसांत तीनशे बारापैकी एकोणतीस माणसांनी नंबर बदलले. त्यातले चौघं दुसऱ्या दिवशी विचारायला आले, की ओटीपी आमच्याच फोनवर का येतोय.

शेवटच्या दिवशी रामहरी डोळे चोळत बाकावर, आण्णासाहेब, बब्रुवान आणि नागूबाईच्या शेजारी बसला. पडद्याच्या मधोमध आता त्याला डाळीएवढा डाग दिसत होता, का दिसल्यासारखं वाटत होतं, ते कळत नव्हतं. तो हळू म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तारीख पुढं ढकलतो."

गिरणीतून दीपमाला आली, केसांवर, भुवयांवर पीठ. तिनं ऐकलं होतं. तिनं चारच वाक्यं सांगितली. गिरणी सकाळी आठ ते संध्याकाळी सात चालू असते. ती गिरणी सोडून कुठं जात नाही. भिंतीवरचा खिळा रिकामा आहे. फोन तिथं टांगा.

कुणी काही बोलायच्या आत आण्णासाहेबांनी खिशातून पेन काढलं. देवाचा होतो तर फोनचाही कागद झाला पाहिजे, असं त्यांचं मत पडलं. वहीच्या पानावर त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: 'सदर मोबाईल पावणेदोन महिने मुदतीपर्यंत गिरणीवर मुक्कामी राहील. आलेला ओटीपी ज्याचा त्यालाच, आवाज ओळखून, सांगण्यात येईल. कुणीही दुसऱ्याचा ओटीपी विचारू नये व दीपमालाबाईंनी सांगू नये. गिरणी चालू असताना आकडे ओरडून सांगितल्यास तक्रार चालणार नाही. मुदत संपताच मोबाईल परत करणेचा आहे.' बब्रुवाननं सही केली. नागूबाईनं अंगठा दिला. दीपमालानं पिठाच्या हातानं नाव लिहिलं, ते निम्मं पांढरं उमटलं.

रामहरीनं खिशातून फोन काढला. मग प्रश्न सुरू झाले. कुलूप कसं उघडायचं, चार्जर कुठला, बॅटरी किती वेळ टिकते, गरम होतो का, पडला तर बंद पडतो का. रामहरी सांगत गेला. कुलूप उघडायची खूण दीपमालाला दोनदा काढून दाखवली. सगळ्यांनी फोनभोवती डोकी घातली होती. ऑपरेशन कोणत्या डोळ्याचं आधी, हे कुणी विचारलं नाही. रामहरीनं कागदावर सही केली आणि त्याच्या ध्यानात आलं, की गावाला चौदा वर्षं जे लागत होतं ते आता खिळ्याला टांगलं जाणार आहे. आपण मोकळे आहोत. ह्या मोकळेपणाचं नेमकं काय करायचं ते त्याला समजेना.

दुसऱ्या दिवशी दोघं पुण्याच्या एस.टी.त बसली. सोलापूर मागं पडेपर्यंत रामहरीचा हात पाच-सहा वेळा खिशाकडं गेला. सखूबाईनं ते पाहिलं आणि त्या हातात पेरूची फोड दिली.

"कायतरी वाजल्यावानी झालं," तो म्हणाला.

"कंडक्टरचा वाजला."

टेंभुर्णीच्या पुढं सखूबाईचा फोन खरंच वाजला. प्रतीक्षा होती, घाईत. दवाखान्याच्या साइटवर ती पप्पांचं नाव नोंदवत होती. उद्याची खाट पक्की करायची, सगळं भरून झालंय, फक्त ओटीपी पाहिजे, दहा मिनिटांत. साइटनं तो नोंदवलेल्या नंबरवर पाठवला होता.

नोंदवलेला नंबर गिरणीत खिळ्याला होता.

सखूबाईनं फोन लावून नवऱ्याच्या कानाला दिला. पलीकडं आधी नुसती गिरणी ऐकू आली, धडधड धडधड, मग दीपमालाचा आवाज, रोज शंभर गिऱ्हाईकांना बोलतात तसा.

"कुणाचा पाहिजे?"

रामहरीनं तोंड उघडलं. चौदा वर्षं 'कुणाचा पाहिजे' हे वाक्य त्याचं होतं. रानातनं, पुण्यातनं, दुबईतनं लोक अडखळायचे ते अडखळणं काय असतं ते त्याला आत्ता कळलं.

"माझा," तो म्हणाला. "रामहरीचा."

"ऐकू येईना. कुणाचा?"

"माझा गं, दीपमाला."

पलीकडं काही क्षण धडधड तशीच चालली. मग पट्टा सुटल्यासारखा आवाज झाला आणि सगळं शांत झालं. भर दुपारी, लोकांची दळणं रांगेत असताना, दीपमालानं गिरणी बंद केली होती. रांगेतलं कुणीतरी कुरकुरलं, आणि नागूबाईसारखा एक आवाज त्याला गप्प बस म्हणाला.

"हां, आता ऐका," दीपमाला म्हणाली, आणि एकेक आकडा सावकाश सांगायला लागली, लहान पोराला शिकवावं तसा. रामहरी डोळे मिटून एकेक आकडा सखूबाईला सांगत गेला, आणि सखूबाई तो पेरूच्या कागदावर लिहीत गेली.