फणसाची खडाव

हातात आलेली कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघणारा माणूस मी जगात एकच पाहिला. तो म्हणजे रोह्याच्या कॉलेजात आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवणारे सर. लग्नात पानावर बसले की पाट उलटा, देवळात गेले की समई उलटी आणि मागोमाग पुजाऱ्याची आरडाओरड. राहायचे पेणला, रामवाडीत. रोज एस.टी.ने यायचे आणि खिशात भिंग नसेल तर अर्ध्या वाटेतून परत जायचे. एकदा कोलाडच्या खाणावळीत त्यांनी रश्शातलं हाड भिंगाखाली धरलं आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "बोकड चांगलाच वयस्कर होता!" शेजारची मंडळी ताटावरून उठली. मालक हात जोडून म्हणाला, "सर, आजचं जेवन माझ्याकडून. पन उद्यापासून समोरच्याकडं जा."

अशा माणसाला देवाधर्माच्या जुन्या वस्तूंचा नाद लागणार हे ओघानं आलंच. "अवशेष हा साक्षीदार असतो," सर सांगायचे. "त्याला दरडावायचं नाही आणि लगेच त्याच्या पायाही पडायचं नाही. तू कशाचा, किती जुना आणि तुला सांभाळलं कोणी, एवढंच विचारायचं."

हे शिकवायला त्यांनी आम्हाला कुंडलिकेकाठच्या एका गावात नेलं. तिथल्या मठात, काशीहून पायी आलेल्या एका बाबांच्या लाकडी खडावा होत्या. मठ सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या गुरवकाकांनी त्या का कू करत आमच्यापुढे ठेवल्या. आम्ही पाळीपाळीनं भिंग लावलं. डावी खडाव काळीभोर, अंगठ्याशी खोलगट झिजलेली. उजवी पिवळसर, झीज जवळजवळ नाहीच. माझी मैत्रीण उत्साहात ओरडली, "सर, ही फणसाची आहे! आणि हिच्यावर कोणी चाललेलंच नाही!"

गुरवकाका मटकन खाली बसले.

"पुरात येक व्हावून गेली," ते हळूच म्हणाले. "माझ्या बापानं परसातला फनस तोडून ही घडवली. मरताना सांगितलान, कुनाला बोलू नको. मास्तर, गावाला कळलं तं मला हितं ठेवतील काय?"

सर त्यांच्याशेजारी शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसले. "वडलांचा हात फार चांगला होता हो. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आमच्यातलं कोणी तोंड उघडणार नाही." मग आमच्याकडे असं काही बघितलं की खरंच कोणी उघडलं नाही.

परतताना, एरवी अख्ख्या एस.टी.ला व्याख्यान देणारे सर खिडकीतून बाहेर बघत राहिले. रोहा आलं तेव्हा मला म्हणाले, "उगाच गेलो का गं आपण?"

पण गुरवकाकांना ते ओझं पेलवेना. उत्सवाच्या दिवशी त्यांनी स्वतःच सगळ्या गावापुढे सांगून टाकलं. आम्हीही गेलो होतो. एकच गलका झाला. "येवढी वर्सं फसवलंस आमाला!" म्हणत दोघं-तिघं पोरं अंगावर धावली. तेवढ्यात एक म्हातारी पुढे झाली. "बाबांची येक गेली, तं दुसरी त्यांना कोन देनार व्हता? ह्याच्या बापानं दिली. आता ती बी त्यांचीच." तिनं फणसाच्या खडावेवर फूल ठेवलं. मागून आणखी बायका आल्या. पोरं कुरकुरत बाजूला झाली. गुरवकाका मठातच राहिले. गर्दीच्या मागे उभे असलेले सर मात्र चष्मा पुसत होते आणि तो काही केल्या स्वच्छ होत नव्हता.

पुढे दर उत्सवाला ते एकटेच जायचे. निवृत्तीनंतर नजर अधू झाली, तेव्हा एकदा मी सोबत गेले. तीच त्यांची शेवटची खेप ठरली. गुरवकाकांनी दोन्ही खडावा त्यांच्या हातात दिल्या. सरांनी फणसाच्या लाकडावरून बराच वेळ अंगठा फिरवला आणि विचारलं, "वडील दिसायला कसे होते हो तुमचे?"

काका सांगायला लागले. दोघं म्हातारे अंगणात बसून राहिले. उन्हं उतरली. शेवटची एस.टी. फाट्यावर हॉर्न वाजवून निघून गेली. मी काही त्यांना उठवलं नाही.