जेबेझ पेल, दोनदा

आमच्या गावच्या चौकातल्या शिळेवर एकच नाव दोनदा कोरलेलं आहे. उन्हाळ्यात पाहुणेरावळे येतात, शिळा वाचतात आणि लगबगीनं माझ्या दुकानात येऊन सांगतात, अहो, तुमच्या पाथरवटानं घोळ घातलाय, जेबेझ पेल दोनदा आलाय. मी खोगिराचा टाका घालत म्हणतो, ठाऊक आहे. गावचं दप्तर माझ्याकडे असतं, मला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? पाथरवट शुद्धीत होता. ते केतुरा पेलचं काम आहे.

केतुरा आत्या, सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं, शिंपीण होती. व्हरमाँटच्या आमच्या डोंगरात घरोघर जायची, आठवडा आठवडा मुक्काम ठोकायची, घरातल्या पुरुषांचे कोट-विजारी शिवायची आणि त्यांच्याच टेबलावर बीन्स आणि मक्याची भाकरी खायची. लग्न नाही, जीभ तिखट आणि चौकसपणा विचारू नका. अंगाला माप लावलं की घराणं सांगायची. हा खांदा तुझ्या आईकडचा, कोल्टांचे सगळे खांदे डावीकडे उतरतात, असं. एकदा पाळण्यातलं पोर बघून बोलून गेली, अगंबाई, हे नाक तर नदीपलीकडचं. त्या घरी तिला सहा वर्षं बोलावणं नव्हतं.

सगळ्या गावाच्या पिढ्या हिच्या जिभेवर, पण स्वतःच्या बापाचा विषय निघाला की हातातली सुई थांबायची. कारण गावाला माहीत होतं. १८१८ साली सरकारनं इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या गरीब म्हाताऱ्या सैनिकांना पेन्शन द्यायचं ठरवलं, तेव्हा तिचा बाप जेबेझ जिल्ह्याच्या कोर्टात अर्ज घेऊन गेला. तिथं भरल्या कोर्टात सैन्याच्या हजेरीपटातली ओळ वाचली गेली: जेबेझ पेल, धाकटा. जानेवारी १७७७. पळाला. म्हाताऱ्यानं टोपी घातली, घरी आला आणि त्यानंतर मरेपर्यंत त्यावर चकार शब्द काढला नाही. केतुरा तेव्हा तेवीस वर्षांची होती. तिच्या लग्नाची चर्चमध्ये तीनपैकी दोन रविवार जाहीर घोषणा झाली होती. तिसऱ्या रविवारी झालीच नाही. पळपुट्याचं रक्त आमच्या घरात नको, असं मुलाची आई म्हणाली होती म्हणे.

१८७६ साली देशाला शंभर वर्षं होणार म्हणून गावानं सैनिकांची शिळा उभी करायचं ठरवलं. समितीचा प्रमुख एझ्बन पेल, केतुराचाच चुलत-चुलत भाऊ. माणूस वाईट नव्हे, पण पावसाचा विषय काढा, बटाट्यांचा काढा, गाडी शेवटी त्याच्या आजोबांवरच यायची. त्या आजोबांचं नावही जेबेझ पेलच. ते थोरले, केतुराच्या बापाचे सख्खे काका. १७७६ पासून शेवटपर्यंत, सात वर्षं लढले आणि घरी येताना वाटेत वारले. सैन्यातून मोकळं केल्याचा त्यांचा कागद एझ्बनच्या बैठकीत चौकटीत टांगलेला. आजोबांचं नाव शिळेवर सगळ्यात आधी कोरलं गेलं. पळालेल्याचं कोरायचं नाही, असं समितीनं ठरवलं.

एप्रिलमध्ये केतुरा आत्या माझ्या दुकानात आली. एक्याऐंशी वर्षांची, चढ चढून धाप लागलेली. मापाची पट्टी बाकावर टाकून म्हणाली, "ऑरिन, तू रोज दप्तरात नाक खुपसून बसतोस, एकदा माझ्यासाठी खुपस. बाबांचं नाव शिळेवर यावं असं मला वाटतं. ते नाही जमलं, तर का पळाले एवढं तरी मरायच्या आत कळू दे."

आता मला कोडं घातलं की माझं जेवण बंद होतं, बायकोला विचारा. मी हजेरीपटाची पुरी नक्कल मागवली. पेल मंडळी मूळची कनेक्टिकटातल्या पोमरॉय गावची, तिथल्या दप्तरवाल्यालाही पत्र टाकलं. पाथरवट जूनअखेर काम संपवून जाणार होता, म्हणजे हातात दोन महिने.

नक्कल आली. १७७६ च्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत काका-पुतणे दोघेही हजर. जानेवारीत धाकटा पळाला. थोरला मात्र १७८३ पर्यंत रोज हजर. मी म्हटलं, संपलं. मग मेमध्ये पोमरॉयचं उत्तर आलं. तिथल्या दफनभूमीत एक दगड होता: जेबेझ पेल, वय एकेचाळीस, छावणीत देवीच्या साथीनं मृत्यू, २८ डिसेंबर १७७६.

मी ते पत्र तीनदा वाचलं. म्हणजे थोरले आधी मेले, आणि मग साडेसहा वर्षं रोज सकाळी उठून हजेरी देत होते?

तीन दिवस डोकं चालेना. घोड्याच्या गळ्याचा एक चांगला पट्टा मी उलटा शिवून ठेवला. चौथ्या दिवशी कुणाच्या तरी बाळाची नोंद केली, खाली सही केली, ऑरिन बीबी, आणि लेखणी तशीच हातात राहिली.

कारण अकरा वर्षांपूर्वीपर्यंत माझी सही "ऑरिन बीबी, धाकटा" अशी होती. माझ्या बापाचं नाव सेथ. गावातला थोरला ऑरिन बीबी म्हणजे लाकडाच्या गिरणीचा मालक. नातं ना गोतं, नुसती वयानं मोठी असामी. आमच्याकडे एका नावाचे दोन असले की वडीलधाऱ्याचं नाव मोकळं आणि लहानाच्या नावाला "धाकटा" ही शेपूट. मोठ्याला माती दिली की लहान्याची शेपूट त्याच दिवशी गळते. गिरणीवाल्याला पुरून आलो आणि मी ती सोडली. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. आमच्यात हे सांगावं लागतच नाही.

मी कपाळावर हात मारला. छावणीत काका वारला. नवं वर्ष, जुना सार्जंट गेलेला, नवा आला तो दुसऱ्या मुलखातला. त्यानं पुकारलं, जेबेझ पेल. पुतण्या म्हणाला, हजर. आता तोच जेबेझ पेल होता. मग सार्जंटनं पुकारलं, जेबेझ पेल धाकटा. सगळे चिडीचूप. दोन-चार दिवस पुकारून त्यानं लिहून टाकलं, पळाला. ज्यानं रोज हजेरी दिली, तोच पळपुटा ठरला!

रविवारी चर्चनंतर मी आत्याला घेऊन एझ्बनच्या घरी गेलो. ॲपल-पाय पुढ्यात आला, मी कागद पसरले आणि सगळं सांगितलं. एझ्बन लालबुंद झाला.

"माझ्या आजोबांना मारायला आलास होय रे?"

"ते आधीच मेलेत, एझ्बन. कधी, एवढंच बघायचंय."

तो ऐकेना. म्हणाला, केतुराताईच्या बापानंच मला लहानपणी मांडीवर बसवून आजोबांच्या गोष्टी सांगितल्यात. १७८० चा हिवाळा, जर्सीतली छावणी, पायात जोडे नाहीत. आजोबांची दोन बोटं गारठून काळी पडली, वैद्यानं कापली, आणि आठवड्यानं ते पुन्हा पहाऱ्यावर उभे राहिले. मेलेल्या माणसाची बोटं गारठतात का, सांग मला.

आत्यानं काटा खाली ठेवला. "कुठल्या पायाची, एझ्बन?"

"डाव्या. शेवटची दोन."

"शेवटची दोन वर्षं बाबांना मी आंघोळ घातली," ती म्हणाली. "डाव्या पायाला ती दोन बोटं नव्हती. आम्हाला सांगायचे, कुऱ्हाड लागली."

एझ्बन चौकटीतल्या कागदाकडे बघत बसला. तो कागद मी मागाहून कितीदा तरी मनात उलटसुलट केलाय. १७८३ साली पुतण्या घरी आला तेव्हा काकाचं पोर, एझ्बनचा बाप एमॉस, नऊ वर्षांचं होतं. आई गेलेली, पोमरॉयपासून लांब लोकांच्या दारात वाढत होतं. जेबेझनं आपला सुटकेचा कागद आणि सरकारनं दिलेला जमिनीचा कागद त्याच्या हातात ठेवला, हे तुझ्या वडिलांचं, म्हणाला, आणि त्याला पुढं सांभाळला. जमिनीचा कागद विकून एमॉसनं आमच्या गावात हे शेत घेतलं. १८१८ साली जेबेझला पेन्शन मिळवायचीच असती तर भिंतीवरचा कागद परत मागावा लागला असता, आणि मग शेत कुणाचं, हाही प्रश्न आला असता. त्यानं टोपी घातली आणि घरी आला. असं मी जुळवतो. त्याच्या पोटात काय होतं ते त्यालाच ठाऊक.

"हे घर त्या कागदावर उभं आहे, ताई," एझ्बन शेवटी म्हणाला.

"घर ठेव. मला नाव हवंय."

"ते तर कोरून झालंय. जेबेझ पेल. तुझ्याच बापाचं निघालं." चौसष्ट वर्षांचा बाप्या, पण मला त्याची दया आली. "मग आता माझे आजोबा कुठं?"

"खालच्या ओळीत," ती म्हणाली. "चार महिने का होईना, मेले तेही युद्धातच. तेच नाव कोर. शेपूट कुणालाच नको."

चार जुलैला भाषणं झाली, बँड वाजला, लोक जेवायला पांगले. मग आत्या शिळेपाशी गेली. यातली बाबांची ओळ कुठली, तिनं विचारलं. मी म्हटलं, वरची. तिनं शिवणाऱ्या बोटानं एकेक अक्षर चाचपलं, टाके नीट आलेत का बघावं तसं.

"अठ्ठावन्न वर्षं मी रागावले होते, ते पळाले म्हणून," ती म्हणाली. "माझं लग्न मोडलेलं त्यांना दिसत होतं, ऑरिन. आता उरलेले दिवस रागावणार, मला सांगितलं नाही म्हणून."

आणि बोट मात्र तिनं त्या नावावरून उचललं नाही.