आंटींची बाय जेवली

"चवीपुरतं," असं म्हणत आंटी डाव तिरका करायच्या. तुम्ही ताटावर हात आडवा धरेपर्यंत तो रिकामा झालेला असायचा. मी हिशेबाच्या खात्यात नोकरी करतो, आणि मापाशिवाय मला चैन पडत नाही. पण आंटींच्या 'चवीपुरतं'चं माप मला कधी काढता आलं नाही. सुक्या बोंबलाची चटणी असो की रविवारची खीर, ते नेहमी पोटभरच असायचं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. 'कशी आहेस' हे त्यांना विचारता येत नाही, म्हणून ती 'जेवलीस का' विचारतात.

इकडे आखातात, बौशरमधल्या आमच्या इमारतीत त्या बरोबर आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. मूळच्या वसईच्या. एका हॉटेलच्या स्टाफ कँटीनचं काम त्यांच्याकडे होतं. माझ्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठ्या, पण लहानथोर सगळे त्यांना आंटी म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. त्या मला भाऊ म्हणायच्या. पती वारल्यावर घरात त्या आणि त्यांची मुलगी एवढ्या दोघीच उरल्या. मुलीला त्या 'बाय' म्हणत.

ही बाय कॉलेजसाठी मुंबईला गेली आणि जाताना आईच्या स्वाधीन एक साप करून गेली.

दचकू नका. मी दचकलो होतो तेवढं पुरे. तो कॉर्न स्नेक नावाचा बिनविषारी साप होता, दुकानातून रीतसर कागदांसह घेतलेला. अंगावर केशरी ठिपके, जाडी पेन्सिलीएवढी आणि वय फार तर काही महिने. काचेच्या पेटीत राहायचा. नर की मादी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आंटींनी ते पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं आणि त्यालाही 'बाय'च म्हणायला लागल्या.

ही नवी बाय आठवड्यातून एकदा उंदराचं गुलाबी पिल्लू खायची. ती पिल्लं गोठवलेली मिळतात. त्याबाबतीत आंटींना कुणी काही शिकवायची गरज नव्हती. कँटीनमध्ये कच्च्याचा सुरा शिजलेल्याला लागला तर त्या आचाऱ्याला दाराबाहेर उभा करत. घरीही तोच कायदा. पिल्लांचा डबा वेगळा, त्यावर पिशवी, आणि तो फ्रीझरच्या अगदी खालच्या कप्प्यात. चिमटा वेगळा, लांब दांड्याचा, लाल टेप लावलेला. पिल्लू आधी झाकलेल्या डब्यात फ्रीजमध्ये सुटायचं. मग बंद पिशवीतून कोमट पाण्यात ऊन व्हायचं, तेही स्वयंपाकात कधीच न येणाऱ्या मगात. मायक्रोवेव्हचं नाव काढायचं नाही. भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये आणायची नाहीत. शेवटी कोपरापर्यंत साबण.

एकदा मी म्हटलं, "तिचं वजन करून बघू या का? स्वयंपाकघरात काटा आहे ना."

"माझ्या पिठाच्या काट्यावर साप? भाऊ, तुम्ही शिकलेले ना?"

काटा मी माझा आणला आणि तो परत वर गेला नाही.

इतकी स्वच्छता असूनही बाय खाईना. आंटी चिमट्यानं पिल्लू पुढे धरत आणि ती शेपटी थरथरवून कोपऱ्यात वेटोळं घालत असे. एकदा तर तिनं काचेवरच डोकं आपटलं. काट्यावरचा आकडा खाली येत होता. तिचं सगळं वजनच मूठभर द्राक्षांइतकं. त्यातून कमी होऊन होऊन काय व्हायचं?

आंटींचा जीव टांगणीला लागला होता, आणि तो नुसत्या सापासाठी नव्हता. मुलीचे फोन आखूड होत चालले होते. आंटी फोन उचलताच विचारायच्या, "जेवलीस का? काय जेवलीस? एवढंच?" तिकडून 'हो मम्मा, हो मम्मा' आणि मग 'क्लास आहे'. थोडा वेळ बोलणं चालायचं ते फक्त सापाबद्दल. एकदा जिन्यात आंटी मला म्हणाल्या, "ही गेली तर ती फोन कशाला करेल, भाऊ?"

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चहून आल्यावर आंटींकडे जेवायला माणसं असायची. त्या शुक्रवारी बायलाही जेवू घालायचं ठरलं. हातात ताटं घेऊन आम्ही सगळे हॉलमधल्या पेटीभोवती उभे राहिलो. कुणी म्हणालं, जिवंत उंदीर सोडा. कुणी म्हणालं, तोंड उघडून घाला. आमची बायको म्हणाली, "दुधाची वाटी ठेवून बघा. नागपंचमीला ठेवतात ना."

"दूध मी कॉफीत घालते, सापात नाही," आंटी म्हणाल्या आणि चिमटा हलवू लागल्या. "जेव गो बाय. चवीपुरतं. एवढंसंच. सगळे थांबलेत बघ तुझ्यासाठी."

बाय पाण्याच्या भांड्यामागे गेली ती गेलीच. मी आंटींकडे पाहिलं. एका हातात चिमटा, दुसरा हात कमरेवर, मान किंचित वाकलेली. आमच्या ताटापाशी त्या अशाच उभ्या राहत.

दुसऱ्या दिवशी प्राण्यांच्या मल्याळी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. जिवंत उंदीर नको, तो उलट सापालाच चावतो. तोंड उघडायचं नाही. दूध तर नाहीच. "मॅडम, वो डरा हुआ बच्चा है. खाना रखो, ढको, और उसको अकेला छोड़ो. पेटी में गरमी कितनी है?"

हा प्रश्न माझ्या कामाचा होता. मी दोन थर्मामीटर आणले आणि पेटीच्या दोन टोकांना लावले. जे टोक तीस अंशांच्या आसपास हवं, ते बावीसवर होतं. पेटीखाली गरम चटई होती, पण हॉलचा एसी थेट पेटीवर येत होता. आपण इथले लोक एसी बंद करायचा असतो हे विसरूनच गेलो आहोत. गारठलेल्या सापाला अन्न पचत नाही, म्हणून तो खातही नाही.

"पेटी दुसऱ्या खोलीत न्या. जिथे एसी लागत नाही आणि कुणी जात नाही," मी म्हटलं.

अशी खोली घरात एकच होती. मुलगी गेल्यापासून तिचं दार त्यांनी उघडलं नव्हतं.

"तिथे मला जायला नको वाटतं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं मात्र त्यांनीच कपाटातून किल्ली काढली. "यल्ला, चला भाऊ. तुम्ही पेटी धरा, मी दार उघडते."

खोलीत मुलीची एक चप्पल पलंगाखाली तशीच होती. आंटींनी ती उचलून जोडीला लावली, टेबल पुसलं, खिडकीचा पडदा ओढला. आम्ही पेटी ठेवली. लपायला दोन्ही टोकांना एकेक छोटं मातीचं भांडं उपडं घातलं. मग काही दिवस तिला हात लावायचा नाही, पेटी उघडायची नाही, फक्त पाणी बदलायचं. मी रोज संध्याकाळी थर्मामीटर बघायला जायचो. आंटी दाराबाहेर उभ्या राहून विचारायच्या, "कशी आहे?" मी म्हणायचो, "एकोणतीस."

मग तो दिवस आला. पिल्लू ऊन करून, टिपून, आंटींनी ते एका बशीत लपायच्या भांड्यापाशी ठेवलं. चिमटा हलवला नाही. पेटीवर जाड टॉवेल टाकला. ओठ हलले, पण 'चवीपुरतं' त्यांनी गिळलं. दार ओढून घेतलं आणि आम्ही स्वयंपाकघरात येऊन बसलो.

माझ्यासमोर ताट आलं. आंटींनी सवयीनं डाव उचलला आणि तो हवेतच थांबला. माझ्याकडे बघत राहिल्या. मग तो भांड्यात परत ठेवून म्हणाल्या, "हवं तर घ्या."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या घरी मी आपल्या हातानं वाढून घेतलं. आणि खरं सांगतो, नेहमीपेक्षा जास्तच घेतलं.

संध्याकाळी टॉवेलचा कोपरा उचलला. बशी रिकामी होती. भांड्याच्या तोंडाशी केशरी डोकं शांत टेकलं होतं आणि त्यामागे अंगावर एक लहानसा फुगवटा दिसत होता. आंटींनी टॉवेल जसाच्या तसा सोडला. बाहेर आल्या, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, आणि मगच डोळे पुसले.

त्यांनी फोन माझ्यासमोरच लावला. "बायनं खाल्लं," त्या म्हणाल्या. "तुझ्या खोलीत. आपली आपण." आणि थांबल्या.

"मम्मा?"

"काय गो?"

"तू विचारलं नाहीस, मी जेवले का."

"नाही विचारलं."

जरा वेळानं मुलगी स्वतःहून सांगू लागली. होस्टेलच्या मेसमधली उसळ, मैत्रिणीच्या डब्यातली भाकरी, मग सर, मग परीक्षा. मी चपला घालून निघालो तरी ती बोलतच होती आणि आंटी नुसतं 'हं' म्हणत होत्या.

आता आंटी निवृत्त होऊन वसईला गेल्यात. खालच्या फ्लॅटमध्ये नवं कुटुंब आलंय. साप तिकडे नेता येत नाही, म्हणून कागदांवर माझं नाव चढलं आणि पेटी आमच्याकडे आली. लाल टेपचा चिमटाही आला, त्याच्या सगळ्या कायद्यांसह. बाय आता बोटाएवढी जाड झालीये. ती जेवते तेव्हा आम्ही दार ओढून घेतो. बायकोनं विचारलं, "खाल्लं का?" तर मी म्हणतो, "विचारायचं नसतं."

परवा सुट्टीत मुलगी वसईला घरी आली होती. बायला पाहायचं म्हणून दोघींनी व्हिडिओ कॉल केला. बायला दाखवून झालं तरी तिकडचा फोन टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकलेला तसाच राहिला. आंटींनी कालवणाचं भांडं आणून मधे ठेवलं, डावाचा दांडा लेकीच्या बाजूला वळवला, आणि त्या पाठ फिरवून भाकऱ्या थापायला गेल्या.

लेक फोनवर आमच्याशी गप्पा मारत होती. बोलता बोलताच तिनं वाढून घेतलं. थोड्या वेळानं परत घेतलं.

चुलीकडच्या पाठीनं डावाचा आवाज ऐकला असावा. थापणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.