मोरछाप पुडक्यातलं जहर

"हैजा नाही. फूड पॉयझनिंग आहे," मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझं मनगट धरून म्हणाल्या. मला तो इंग्रजी शब्द कळला नाही. शेजारी उभ्या असलेल्या कंपाउंडरनं घरच्यांना समजावलं, "खाने में जहर था."

अन्न नासून त्यातून बाधा होते, एवढाच डॉक्टरीणबाईंच्या बोलण्याचा अर्थ होता. पण आमच्या घरात शिरला तो शब्द जहर. जहर म्हटलं की माणूस विचारतो, कुणी घातलं?

ही निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. आम्ही जालन्यात राहायचो. माझे मालक आणि थोरले दीर दोघेही कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. घरात बाया दोघीच, मी आणि माझ्या जाऊबाई, गोदाबाई. त्यांना मूल नव्हतं. मला पाचवा महिना लागला होता.

मला सारखं गोड खावंसं वाटे. म्हणून जाऊबाईंनी स्टेशनाजवळच्या दुकानातून मोरछाप पाव आणले. आत खवा भरलेले, वरून मेणकागद घट्ट चिकटवलेला, त्यावर निळा मोर. त्या उन्हाळ्यात गावात हैज्याची, म्हणजे पटकीची, भीती होती. उघड्यावरचं काही खाऊ नका, असं जो तो सांगे. बंद पुडकं म्हणजे कुणाचा हात न लागलेलं, माशी न बसलेलं. जाऊबाईंनी दोन पुडकी घेतली. एक माझ्यासाठी, दुसरं ओळखीच्या गाडीवानाबरोबर केदारखेड्याला त्यांच्या म्हाताऱ्या आईसाठी धाडलं.

त्यांचा सोमवार होता, म्हणून त्यांनी पावाला हात लावला नाही. पुरुष कामावर होते. मी एकटीनं सगळे खाल्ले. खवा छान लागला. ना आंबूस, ना कडू. हे मुद्दाम सांगते, कारण नासलेलं अन्न जिभेला कळतं असं मलाही वाटायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोटात कळ आली. मग उलट्या, जुलाब. उजाडेपर्यंत पायांत गोळे येऊ लागले आणि डोळ्यांपुढं पिवळं दिसू लागलं. दारातून शेजारी मागं सरले. दीर म्हणाले, "हैजा हाय. तिला मागच्या गोठ्यात निजवा, घरात नको."

जाऊबाईंनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. स्वतः रस्त्यावर गेल्या, टांगा थांबवला, मला उचलून आत घातलं आणि माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. माझी घाण त्यांच्या लुगड्याला लागत होती. टांगेवाला कुरकुरला तेव्हा म्हणाल्या, "तू जल्दी हाक. टांगा मी धुऊन देते."

दवाखान्यात मला सलाईन लावलं. म्हणजे मिठाचं पाणी सुईनं थेट शिरेत सोडतात. अंगातलं पाणी निघून गेलं की तोंडानं प्यालेलं टिकत नाही, तेव्हा ते हे करतात. माझे दात वाजत होते. पोटातलं मूल हलतंय का, एवढंच मी विचारत होते. डॉक्टरीणबाई कान लावून ऐकत आणि म्हणत, "अजून आहे." त्या 'अजून'चा मला धसका बसला.

निरोप गेल्यावर मंठ्याहून माझी माय आली. कंपाउंडरचा शब्द तिच्या कानावर गेला. तिनं वऱ्हांड्यात सगळ्यांदेखत विचारलं, "माझ्या पोरीला खायला कुणी दिलं?"

"म्या दिलं," जाऊबाई म्हणाल्या.

"अन् तू का न्हाई खाल्लं?"

"मला उपास होता."

माय म्हणाली, "वांझ बाई. दुसरीचं पोट बघवलं न्हाई तुला."

मी खाटेवरून ऐकत होते. "माय, न्हाई," एवढं म्हणायलाही माझ्या घशातून आवाज निघाला नाही. जाऊबाई तशाच आत आल्या. माझ्या उशाशी बसू लागल्या, तर मायनं त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. पुढचं मला मालकांनी नंतर सांगितलं. दिरांनी त्यांना घरी नेलं, मागच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. आपल्याच बायकोला.

त्यानंतर वॉर्डात माणसं येऊ लागली. एक हमाल, एक मास्तर, मग नवराबायको दोघं. सगळ्यांना माझ्यासारखंच. डॉक्टरीणबाई प्रत्येकाच्या खाटेशी एकच विचारत, "काय खाल्लं? कुठून आणलं?" मास्तर म्हणाले, मोरछाप पाव. हमाल म्हणाला, तेच. नवराबायकोनं तर उरलेलं पुडकं सोबतच आणलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी ते उघडून मायपुढं धरलं. "वास येतो का?"

मायनं हुंगलं. "न्हाई."

"यात बॅक्टेरिया आहेत. डोळ्यांना न दिसणारे जंतू. उन्हात खवा पडून राहिला, त्यात ते वाढले. तुमच्या मुलीला कुणी काही घातलेलं नाही."

"मंग हे जहर आलं कुठून?"

"तिथंच तयार झालं."

माय पुडक्याकडं बघत राहिली. मालक मात्र उठले आणि घराकडं पळाले.

तोवर अमीनसाहेबांच्या, म्हणजे पोलीस फौजदारांच्या, हुकमानं गावात दवंडी फिरत होती. मोरछाप पुडकी ज्याच्याकडं असतील त्यानं नाक्यावर आणून द्यावीत, कुणी खाऊ नयेत. दवंडी आमच्या गल्लीत आली तेव्हा ती ऐकून जाऊबाई आतून दार बडवू लागल्या. "एक पुडकं माझ्या मायला धाडलंय. कुणीतरी केदारखेड्याला जावा." दिरांना वाटलं, पळून जायचा बहाणा आहे. त्यांनी कडी काढली नाही. मालकांनी येऊन काढली.

दोघं बैलगाडीनं निघाले. केदारखेड्यात शिरल्याबरोबर लोक बाजूला झाले, तेव्हाच मालकांना कळलं.

म्हातारी त्याच सकाळी गेली होती. दोन दिवस पडून होती. लोकांनी हैजा समजून दारातूनच पाणी ठेवलं होतं. कोनाड्यात मेणकागद नीट घडी घालून ठेवलेला होता. चित्र आवडलं असेल तिला.

मी बरी होत आले तेव्हा डॉक्टरीणबाईंना विचारलं, म्हातारीला वेळेत आणलं असतं तर वाचली असती का? "कदाचित," म्हणाल्या. त्यांनी खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

आईचे दिवस उरकून जाऊबाई परत आल्या. माय त्यांच्या पायाशी बसली. जाऊबाईंनी तिला उठवलं. म्हणाल्या, "पोरीसाठी तुमी घाबरल्या होत्या. मला समजतं. पर माझी माय एकली मेली." नंतर माय जेव्हा जेव्हा आमच्याकडं आली, जाऊबाईंनी तिला गरम जेवायला वाढलं. तिच्याशी बोलल्या मात्र कधीच नाहीत. दिरांशीही कामापुरतं.

मला मुलगी झाली, किरकोळ पण धडधाकट. ती जाऊबाईंच्याच अंगाखांद्यावर वाढली.

तुमच्या घरी असं दुखणं आलं तर आधी दवाखाना गाठा. काय खाल्लं, ते आठवा, उरलेलं असेल तर सोबत न्या, ते अन्न आणखी कुणाकडं गेलंय का ते लगेच विचारा. आणि ज्या माणसानं घास दिला त्याचं बोलणं पूर्ण ऐका. त्या दोन दिवसांत आमच्या घरात दुसरं पुडकं कुठं गेलंय ते एकाच बाईला ठाऊक होतं आणि आम्ही तिला कोंडून ठेवलं होतं.

मी जगले ती त्यांनी टांगा थांबवला म्हणून. हे एकदा मी त्यांना बोलून दाखवलं. पोरीची वेणी घालत होत्या. "व्हय," म्हणाल्या, आणि वेणी घालत राहिल्या.