कडी न लावणारी गोलकीपर

मागच्या जानेवारीत शनिशिंगणापुरात एक कुजबुज फिरली. आदिनाथ तेलवाल्याची राजनंदिनी बर्फावरच्या हॉकीच्या कॅम्पाला गेली, तिथं दुसऱ्या पोरीचे हातमोजे चोरले म्हणून तिला हाकलून दिलं, अशी. दुसऱ्या एखाद्या गावात लोक हसून मोकळे झाले असते. पण इथं घरांना चौकट असते, दार नसतं. कुलूप लावायचं नाही, चोराचं काय ते देव बघून घेईल, असं मानणारं गाव. तिथली पोर परमुलखात चोरी करते म्हणजे गावाचंच नाक गेलं. म्हणून ज्यानं त्यानं आधी आपलं नाक चाचपून पाहिलं, आणि मगच बातमी पुढं सांगितली. चवीनं.

बातमीचं मूळ शोधायला लांब जायला नको. आदिनाथच्या तेलाच्या दुकानाला लागूनच रतनबाईंचं रुईच्या माळांचं दुकान आहे. बाईंचे हात माळा ओवतात आणि कान शेजारच्या दुकानात असतात. कॅम्पातून सुनील सरांचा फोन आला तेव्हा आदिनाथचे दोन्ही हात तेलाचे, म्हणून फोन स्पीकरवर. "मोजे हरवलेत", "राजनंदिनीचं नाव आलंय", "परत पाठवायचं म्हणतायत", एवढं बाईंना ऐकू आलं. मधलं गिऱ्हाइकांच्या गोंगाटात गेलं. ते त्यांनी पदरचं घातलं.

राजनंदिनी बारा वर्षांची. शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर ती चाकाच्या स्केट्सवर हॉकी खेळायची. सुनील सर तिथलेच शिक्षक. हिमाचलात स्पितीकडच्या एका गावात दहा दिवसांचा कॅम्प होता. सरांनी तिचं नाव दिलं, ते लागलं, आणि सोबत सरच जाणार होते. आदिनाथनं दोन स्वेटर आणले. आजीनं, म्हणजे रंगुबाईंनी, एक अट आणली.

"कुटंबी जा," निघायच्या दिवशी उंबऱ्यावर अडवून त्या म्हणाल्या, "पर आपल्या हातानं कडी लावायची न्हाई. माज्या सासूनं लावली न्हाई, मी लावली न्हाई."

"अन् बाथरूमला?"

"आत गानं म्हनायचं. कुनी येत न्हाई."

राजनंदिनीनं आजीच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

कॅम्पातलं मैदान म्हणजे आपल्याकडं गव्हाला भरतात तसं पाणी भरून गोठवलेलं वावर. सकाळी लवकर खेळायचं, ऊन चढलं की बर्फ मऊ पडतो. पहिल्या दिवशी ती एवढी पडली की उभी कमी आणि आडवी जास्त दिसली. चाकावर थांबायचं तर मागचा पाय आडवा घासायचा. इथं तसं केलं की पाय पुढं निघून जायचा आणि बाकीची राजनंदिनी मागं राहायची. तरी ते दुखणं बरं. खरं दुखणं खोलीत होतं.

एका खोलीत अकरा पोरी, मधोमध लोखंडी शेगडी, आणि जाड दार. राजनंदिनी आत-बाहेर करायची आणि दार आपलं उघडं. शेगडीची ऊब भुर्रकन बाहेर. नाशिकची मोनिका दात वाजवत म्हणाली, "ए, तुमच्याकडं दार लावत नाहीत का?"

"न्हाई," राजनंदिनी म्हणाली. खरंच सांगितलं होतं, पण सगळ्यांना वाटलं उर्मट आहे. आणि रोज बाथरूमात गाणी म्हणते, त्यावरून थोडी चक्रमही ठरली.

शिकवणाऱ्या छेरिंग दीदींनी नियम केला: जी शेवटी निघेल तिनं कडी लावायची. मग राजनंदिनी कधी शेवटी निघेचना. चौथ्या दिवशी मात्र स्केटची नाडी तुटली आणि ती मागं राहिली. तिनं दार ओढलं, कडीकडं पाहिलं, आणि घरी कुत्री येऊ नयेत म्हणून फळी टेकवतात तसा दाराला दगड टेकवला. त्या मुलखातला वारा दगडाला जुमानत नाही. पोरी परतल्या तेव्हा दार सताड उघडं आणि मोनिकाचे नवे चामडी हातमोजे गायब.

"शेवटी कोण होतं?"

"मी."

"कडी का नाही लावलीस?"

राजनंदिनीनं खाली बसून स्केटची नाडी सोडायला घेतली. शब्दाचं सांगितलं असतं तर इथल्या इथं मिटलं असतं. पण दहा पोरी आपल्या आजीला हसतील, हे तिच्यानं सोसवलं नसतं. तिला चोर म्हटलेलं चाललं, आजीला खुळी म्हटलेलं नाही.

"मग कळलंच," मोनिका म्हणाली.

सुनील सरांनी घरी फोन केला, तो हाच. दीदींनी तोंडावर सांगितलं, उद्या शेवटी तूच निघायचं, कडी लावून बर्फावर यायचं. नाही जमलं तर परवाच्या गाडीनं घरी.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गेल्या. राजनंदिनीनं कडीला हात लावला. लोखंड इतकं गार की बोटं चिकटली. बोटं सोडवली, आणि पायांना पॅड बांधून, स्टिक आडवी घेऊन ती उंबऱ्यावर बसली. लांबून बर्फावरचा खरखराट ऐकू येत होता. आपला कॅम्प इथंच संपला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रडू आलं, पण गालावरच गोठायला लागलं, तेव्हा तेही थांबवलं.

थोड्या वेळानं तीन केसाळ कुत्री आली. खोलीची ओळख असल्यासारखी थेट दाराकडं. ती उठली. एक डावीकडून घुसलं, तिनं पाय आडवा केला. दुसरं उजवीकडून, तिथं स्टिक. उंबऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती खेकड्यासारखी सरकत होती. तिसऱ्या भुऱ्या कुत्र्याच्या तोंडातून चामडी मोज्याचं एक बोट लोंबत होतं.

ती का येईना म्हणून दीदी आणि मोनिका बघायला आल्या होत्या. दोघींनी हे सगळं उभं राहून पाहिलं.

"आता तरी सांग," मोनिका म्हणाली, "कडी का लावत नाहीस?"

"आजीला शब्द दिलाय. आमच्यात कडी लावत न्हाईत."

"आधी नाही का सांगायचं?"

"तुमी हसला असता."

मोनिकानं विचार केला. "हसलेच असते. कडी मी लावते, चल तू." आणि तिनं ती लावलीही.

दीदींनी परतीच्या गाडीचा विषय काढलाच नाही. त्यांनी राजनंदिनीला थेट गोलात उभं केलं. शेवटच्या दिवशीच्या सामन्यात तिनं सात गोल खाल्ले आणि त्याहून बरेच अडवले.

दहा दिवस पुरे करून ती गावी आली, तर रतनबाईंनी दुकानातूनच विचारलं, "लवकर आलीस गं?"

"गाडी येळंवर हुती, मावशी," ती म्हणाली.

घरी रंगुबाई तांदूळ निवडत होत्या. वर न पाहताच त्यांनी विचारलं, "कडी लावली?"

"न्हाई."

"पोरी गारठल्या आसतील."

"गारठल्या."

म्हातारीचा हात सुपात थांबला. "मला काय म्हाईत तितली थंडी," त्या म्हणाल्या. "पुढच्या बारीला लाव. देवाला मी सांगते."

राजनंदिनीला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ज्या शब्दासाठी ती गाडीत बसून परत यायला तयार झाली, तो आजीनं तांदळातला खडा काढावा तसा काढून टाकला होता. त्या खड्याला आपणच इतकं जपलं, हे तिला तेव्हा कळलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मोनिका लावती."

तर राजनंदिनीनं काही चोरलं नव्हतं आणि तिला कुणी हाकललं नव्हतं. मोजे कुत्र्यानं नेले होते. दार तिनं कडी न लावता सोडलं होतं.