हळद लावलेलं आतडं

अकोल्याच्या मटण बाजारात बोकडाचं आतडं साफ करावं तर शकुनबाईनंच. आतडं पालथं करायचं, पाटीवर पसरायचं आणि बांबूच्या कामटीनं बुळबुळीत थर खरवडत न्यायचा. तीस वर्षांत तिच्या कामटीनं कुठं भोक पडलं असं मी तरी ऐकलं नाही.

दोन वर्षांपूर्वी अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करणारी पायल तिला शोधत आली. आपल्या शरीरात पेशींच्या मधे एक जाळी असते, पेशी तिला धरून वाढतात. आतड्यातल्या पेशी धुऊन काढायच्या, जाळी तेवढी ठेवायची आणि ती न भरणाऱ्या जखमेवर लावता येईल का ते पाहायचं, हे पायलचं काम. त्यासाठी तिला आतून-बाहेरून खरवडलेला, न फाटलेला पापुद्रा हवा होता. शकुनबाईनं असा काढून दिला की खाली बोट धरलं तर बोटावरच्या रेषा दिसाव्यात. तेव्हापासून दर गुरुवारी बर्फाचा डबा एसटीनं अमरावतीला जायचा, आणि बाई ते अख्ख्या बाजाराला सांगायची.

यंदाच्या जानेवारीत अशा जाळ्या बनवणाऱ्या शास्त्रज्ञांची परिषद अमरावतीत भरणार होती. पायल तिथं आपलं काम दाखवणार होती. शकुनबाईला वाटलं, एवढी मोठी माणसं पाहणार, तर माल तसाच कसा पाठवायचा? पाहुण्यांसाठीच्या मटणाला चोळते तसं तिनं पापुद्र्यांना हळद-लिंबू चोळलं आणि डबा रवाना केला.

परिषदेला बारा दिवस उरले असताना पायलचा फोन आला. पापुद्रे पिवळे पडले होते, त्यांच्यावर सोडलेल्या पेशी मेल्या होत्या. तिच्या प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणत होते, यापुढे तयार माल बाहेरूनच मागवू.

माझं डोकं फिरलं. याच बाजारातल्या लोकांचा पुढारी म्हणून मी दोनदा नगरभवनासमोर धरणं धरून बसलोय. सरांच्या केबिनमध्ये कसं शिरायचं तेही मला ठाऊक होतं. बाईनं मला बाजाराच्या फाटकातच अडवलं.

"भाऊ, चूक माही हाय. तुमी भांडाले कावून जाता? मले संगं न्या, बस."

मांडीवर डबा घेऊन ती माझ्याबरोबर अमरावतीच्या एसटीत बसली. प्रयोगशाळेत तिनं टेबल नाकारलं, फरशीवर पाटी मांडली आणि सरांच्या डोळ्यांदेखत नुसत्या पाण्यात पापुद्रा काढला. सरांनी तो ट्यूबलाइटसमोर धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाले, परिषदेपुरतं हेच वापरू.

निघताना बाईनं पायलला विचारलं, इतकं धुतल्यावर उरते काय? पायल म्हणाली, "वेल उपटला तरी मांडव राहतो ना, तो."

"अन् नवा वेल चढते त्याच्यावर?"

"कधी चढतो, कधी नाही. तेच पाहतो आम्ही."

परिषदेत आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. पायलनं पडद्यावर चित्र दाखवलं. पेशी चढल्या होत्या. कुणीतरी विचारलं, इतका सारखा पापुद्रा कोणत्या यंत्रावर काढता? पायलनं आमच्या रांगेकडे हात केला. सगळं सभागृह वळलं. माझी छाती फुगली, वाटलं आता बाई आपली तीस वर्षं सांगेल. ती उठली आणि म्हणाली,

"मी हळद-लिंबू लावलं त तुमच्या पेशी मेल्या. आमी त बोट कापलं की हळदच भरतो. मंग आंगातल्या पेशी कशा नाई मरत?"

दोघं-तिघं हसले. मी उठणार तोच तिनं माझा सदरा धरून खाली ओढलं. व्यासपीठावर वामनराव नावाचे वयस्कर शास्त्रज्ञ अध्यक्ष होते. ते हसले नाहीत. हळद किती लावली होती, त्यांनी विचारलं. हाताच्या अंदाजानं, बाई म्हणाली. ते म्हणाले, प्रमाणाचा फरक असेल, लिंबाचाही असेल, जखमेत रक्त असतं तो वेगळाच मामला. पण खरं सांगायचं तर मला माहीत नाही. इथं कुणी मोजून पाहिलंय का? सरांनी वहीत काहीतरी लिहिलं.

बाहेरून माल मागवायचं पुन्हा निघालं नाही. आता दर गुरुवारी पाच बरण्या जातात: एक कोरी, एक लिंबाची, तीन हळदीच्या, कमी-जास्त. पाटीशेजारी सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आलाय, प्रयोगशाळेनं दिलेला. काल मी विचारलं, काय निघालं मग?

"पायल म्हणे, अजून दोन महिने लागतीन."

"तुमाले काय वाटते?"

"मले वाटे लिंबू असन." कामटी चालूच होती. "पण चिमूटभर हळदीतबी काई पेशी मेल्या म्हणे. काई नाई मेल्या. थ्या कावून नाई मेल्या, सांगा बरं?"