ओले मठ, कोरडे मठ

मटकीला आमच्याकडे मठ म्हणतात. माझ्या मठांना मोड कसे एकसारखे येतात हो, असं सुना विचारतात तेव्हा मी सांगते, लातूरच्या शेजारणीनं शिकवलं. त्याच्या पुढचं सांगत नाही. आज लिहूनच टाकते.

लातूर जिल्हा नवा झाला आणि आमच्या ह्यांची बदली नांदेडहून तिकडे झाली. कचेऱ्याच भाड्याच्या खोल्यांत, तिथं कारकुनांना कुठली घरं? एका घराच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या, पलीकडच्या दोन शेजाऱ्यांना. अंगणात मधोमध कमरेएवढी भिंत. शेजारी ह्यांच्याच कचेरीत, ह्यांच्याहून वरच्या जागेवर. माणसं जळकोटकडची, बौद्ध. आम्ही कोण, ते माझ्या नाकाच्या शेंड्यावरून कळायचंच.

दुष्काळाचं साल. टँकर येईल तेव्हा खरा, बाजारात भाजी म्हणजे नुसती वाळलेली काडी. मला पाचवा महिना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भाजी नाही तर मोड आलेलं खा. झालं, मी गोदाकाठची राणी कामाला लागले. माहेरच्यासारखे मठ तीनदा धुतले, त्यात अर्धा हंडा संपला. मग घाबरून दोन दिवस पाण्याचा थेंब दाखवला नाही. पुरचुंडी मात्र घडीघडी सोडून बघायची. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, घरात उंदीर मेलाय का?

वास भिंतीपलीकडे गेलाच होता. शेजारीण पदराआड हसत आली. फडकं ओलं पाहिजे, मठ नाही, हे तिनं समजावलं. भिजवल्याचं पाणीसुद्धा ती भांडी घासायला ठेवायची. वर म्हणाली, "आन् सारखं उघडून बघू नका, बाई. पोटातलं बघता का उघडून?" मी पोट धरून हसले. त्या परक्या गावात मला हसवणारी ती एकच होती.

दोन दिवसांनी तिनं भिंतीवरून वाटी दिली. पांढरेशुभ्र, टचटचीत मोड. मी गोड हसून घेतली आणि घरात येऊन बघत बसले. आमच्यात कोरडं धान्य कुणाकडचंही चालायचं. पाणी लागलं की ते शिवाशिवीत यायचं. हे तर तिच्या घरी, तिच्या पाण्यात भिजलेले. सासूबाई नांदेडात होत्या. हे तिच्याकडे खुशाल चहा पिऊन यायचे. म्हणजे कुणावर ढकलायचीही सोय नव्हती. ही अक्कल माझी स्वतःची. समोरच्यांच्या शेळीनं वाटी चाटूनपुसून साफ केली. दोघींत शेळीच शहाणी.

संध्याकाळी वाटी परत करताना मी म्हणाले, ताई, तुम्ही तुमचं पाणी कशाला घालवता? कोरडेच देत जा, मी भिजवीन. किती मी हुशार! दुष्काळसुद्धा माझ्या उपयोगी पडला.

तिनं वाटी हातात घेतली.

"पाण्याचंच म्हणायलात ना, बाई?"

"हो, पाण्याचंच."

त्यानंतर कोरडे मठ येत राहिले. कागदात बांधून भिंतीवर ठेवलेले असायचे. हातात दिले नाहीत कधी. भिंतीशी उभं राहून बोलणंही संपलं. कामाचं तेवढं विचारायची, उत्तर ऐकून आत जायची. तिच्याच रीतीनं माझे मठ मोडावले, मी ते बाळंत होईपर्यंत खाल्ले. उसळ छान व्हायची. चव कशी आहे ते सांगायला पलीकडे कुणी नसायचं.

पुढं त्यांची बदली झाली. सामानाची गाडी दारात उभी होती आणि मी पहिल्यांदाच त्यांच्या घरात शिरले. मनात ठरवून गेले होते, तिच्या हातचं काहीतरी खायचं, म्हणजे सगळं फिटेल. एका घासात फेडायला निघाले होते मी! म्हणाले, ताई, आज तुमच्याकडचं खाल्ल्याशिवाय जात नाही.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. रागानं नाही, राग असता तर बरं झालं असतं.

"स्टो गाडीत चढला, बाई." आणि मग, पहिल्यासारखं डोळे बारीक करून, "शिधा देऊ का बांधून?"

शिधा म्हणजे सगळं कोरडं. मला कळलं, आणि मला कळल्याचं तिला कळलं. दोघी हसलो. हसण्यात मी कधी मागं नव्हतेच. मग नको, नको म्हणत परत आले.

घ्यायला हवा होता. पदर पसरून उभी राहिले असते, तर त्या शेळीचं तरी सांगून झालं असतं.